बाबांनी वर केलेला हात

काचेआड बोलणाऱ्या माणसांकडे मी हल्ली बघत नाही. बँकेच्या केबिनमध्ये मॅनेजर कोणाला तरी समजावत असतो, एसी बसच्या बंद खिडकीत नवरा-बायको भांडत असतात, हिंदमाताच्या कापडबाजारात काचेच्या दारामागे शेठ नोकराला झापत असतो. आवाज बाहेर येत नाही, नुसते ओठ हलतात. मी मान वळवते. ओठ हलले की मला शब्द कळतात, आणि अलीकडे कोणाचेही ओठ हलले तरी मला आधी एकच वाक्य दिसतं. मग नीट बघितलं की कळतं, शेठ वेगळंच काहीतरी बोलतोय. गठ्ठा खाली ठेव, वगैरे.

ही काही मोठी विद्या नाही. आमच्या घरात ती पाणी भरण्याइतकी रोजची होती. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. साचे एकदा सुरू झाले की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचायची. पुढे गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, बाबांचे कान काही परत आले नाहीत. आम्ही भावंडं त्यांच्याशी बोलायला शिकलो ते असंच, आवाज न काढता, ओठ जरा ठसठशीत हलवून. भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, घरातलं शेंडेफळ. त्याला तर हे मराठीच्या आधी आलं. आईने मात्र शिकायला साफ नकार दिला. ती बाबांशी ओरडूनच बोलायची, त्यामुळे आमच्या मजल्यावर आमच्या घरातलं काहीही कधी झाकलेलं राहिलं नाही. जेवताना आम्ही तिघं बिनआवाजाचं बोलायला लागलो की ती भडकायची. "करा, माझ्या नाकासमोर बसून कट करा," म्हणायची.

भाऊ लालबागमध्येच एका मंडपवाल्याकडे कामाला होता. एका रविवारी दुपारी तो आणि त्याचे दोन मित्र एका टॉवरच्या गेटसमोर बाइक लावून वडापाव खायला गेले. ते टॉवर बाबांच्याच गिरणीच्या जागेवर उभं आहे. त्यात काही अर्थ शोधू नका, आमच्याकडची सगळी टॉवरं कुठल्या ना कुठल्या गिरणीच्या जागेवरच आहेत. वॉचमनने बाइक हटवायला सांगितलं. ह्यांनी हटवली नाही. शब्दाला शब्द लागला, भांडण गेटच्या आत गेलं, आणि कोणीतरी वॉचमनला ढकललं. तो बेसमेंटच्या उतारावरून मागे पडला, डोकं कठड्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावचा होता, चाळिशीतला.

कॅमेरा गेटकडे तोंड करून होता. तिघं आत जाताना दिसत होते, तिघं पळत बाहेर येताना दिसत होते. ढकललं कोणी ते कुठेच दिसत नव्हतं. पोलीस कोठडीत मी भेटले तेव्हा भाऊ माझा हात घट्ट धरून म्हणाला, "मी नाही गं तायडे. मी बाइक काढत होतो. आईशप्पथ." मी विश्वास ठेवला. माझा विश्वास म्हणजे खरं तर हट्ट होता. त्या दिवसांत मला जगाकडून एकच गोष्ट हवी होती, की तो हात आमच्या घरातला नसावा. आईला तर शंका शिवलीसुद्धा नाही. गॅलरीत उभं राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या पोराने कोणाला साधी चापट मारलेली नाही." बाबांनी कोणालाच काही विचारलं नाही.

पोलीस कोठडी संपली आणि त्याला जेलमध्ये पाठवलं. निकाल लागायचा असतो तोवर माणूस तिथे कच्चा कैदी असतो. कच्चा म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, आणि तरी आत. पहिल्या रात्रीबद्दल भावाने मला नंतर एकदा सांगितलं. आत घेताना कपडे उतरवून झडती घेतात. पट्टा, पैजम्याची नाडी, गळ्यातला दोरा, सगळं काढून पाकिटात घालतात आणि तुझ्या सहीने ठेवून घेतात. मग उंची, वजन, डॉक्टरची तपासणी, अंगठ्याचे ठसे. मग ओळखीच्या खुणा लिहायच्या म्हणून एक जण अंगावरचे तीळ शोधायला लागतो. "मला माझ्या पाठीवर तीळ आहे हे तिथे कळलं, तायडे," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. त्याला न्हाऊ घालणाऱ्यांपैकी मी एक होते. तो तीळ मला पहिल्यापासून माहीत होता.

भेटायला कोण येणार त्यांचीही नावं तिथेच सांगावी लागतात. त्याने आम्हा तिघांची दिली. आई कधी आली नाही. "तो घरी येईल तेव्हा बघेन. तिथे जाऊन बघितलं म्हणजे मी मान्य केल्यासारखं होईल," असं तिचं म्हणणं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मग मुलाकातीला मी आणि बाबा जायला लागलो. जेलमधल्या भेटीला सगळे मुलाकातच म्हणतात. हल्ली त्यासाठी फोनवरून नाव नोंदवता येतं, दिवस आणि वेळ मिळते, आधार कार्ड घेऊन हजर व्हायचं. तरी रांग काही चुकत नाही. दादरच्या ज्या शाळेच्या ऑफिसात मी काम करते तिथे मी दर वेळी बाबांच्या डॉक्टरचं कारण द्यायचे. सगळ्यांना खरं माहीत होतं. कोणी बोललं नाही, हे उपकारच.

त्या रांगेची एक वेगळीच वस्ती असते. बुरख्यातल्या बायका, वरळीच्या बीडीडी चाळीतली एक आजी, कॉलेजच्या बॅगा लावलेल्या बहिणी, आणि प्रत्येकीच्या हातात पारदर्शक पिशवी. पिशवीत कपडे. कपड्यांना नाडी चालत नाही, जाड शिवण चालत नाही, टोपीचा शर्ट चालत नाही. पहिल्या वेळी मी हौसेने त्याची आवडती जीन्स नेली होती, ती परत आली. मागे उभ्या असलेल्या बाईने मला सांगितलं, "इलास्टिकवाल्या चड्ड्या आण, ताई. हिंदमाताला भरपूर मिळतात." पुढच्या वेळेपासून मीच नव्या आलेल्या बायकांना तेच सांगायला लागले. माणसाला कशाचीही सवय होते ह्याचा मला त्या रांगेत फार राग यायचा.

आत गेल्यावर ओळीने खिडक्या असतात. जाड काच, दोन्ही बाजूंना इंटरकॉमचे रिसीव्हर. ह्या फोनवरचं बोलणं ऐकलं जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून केसबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. साबण मिळाला का, मनीऑर्डर पोचली का, डास आहेत का. वेळ संपली की रिसीव्हर आपोआप मुका होतो. माणूस समोरच असतो, बोलतही असतो, आवाज तेवढा जातो. इतर बायका तेव्हा काचेवर हात आपटायच्या. आम्हाला त्याची गरज नव्हती.

बाबांना फोनचा काहीच उपयोग नव्हता. मी रिसीव्हर कानाला लावायचे आणि भाऊ माझ्याशी बोलता बोलता बाबांसाठी ओठ ठसठशीत हलवायचा. पहिल्या वेळी तिथला हवालदार धावत आला. "इशारे नकोत, इशारे नकोत!" मी सांगितलं, वडील बहिरे आहेत, गिरणीत होते. तो जरा थांबला. "माझेपण होते," म्हणाला. "ठीक आहे, पण हातवारे नकोत. फक्त तोंडाने." शेवटी निघताना भाऊ दर वेळी "येतो बाबा" म्हणायचा, जसा कामावर जाताना दारात उभा राहून म्हणायचा तसाच, आणि बाबा उजवा हात छातीइतका वर करून तळवा दाखवायचे. ये म्हणून. घरातसुद्धा त्यांची तीच पद्धत होती.

असे महिने गेले. कोर्टाच्या तारखा पडत होत्या. एकदा कोर्टाच्या जिन्यापाशी बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. डोक्यावर पदर, मांडीवर प्लास्टिकची फाइल. "दीदी, पानी किधर मिलेगा?" तिने विचारलं. मी तिला नळ दाखवला, तिची फाइल सांभाळत बसले. ती परत आली, थँक्यू म्हणाली, आणि मग आमच्याच केसचा पुकारा झाला तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो. वॉचमनची बायको. तिने माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी कोण ते ओळखायला तिला उशीर झाला, ह्याची तिला शरम वाटली होती. मी घरी येऊन देवापुढे बसले आणि म्हटलं, तो हात आमचा नसू दे. दुसरं काही नको.

मग ती मुलाकात. भाऊ त्या दिवशी फोनवर नीट बोलतच नव्हता. हो, नाही, बरं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. झोपत नाहीस का विचारलं, तर मान हलवली. वेळ संपली, माझ्या कानातला रिसीव्हर मुका झाला. इतरांचे हात काचेवर आपटायला लागले. भाऊ उठला नाही. तो बाबांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग त्याने ओठ हलवले, लहानपणी हलवायचा तसे, एकेक अक्षर मोकळं करून.

"बाबा, मीच ढकललं."

मी बाबांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. मला ते पुस्तकातल्या ओळीसारखं स्वच्छ दिसलं. आणि बाबांनी उजवा हात छातीइतका वर केला आणि तळवा दाखवला.

भावाचा चेहरा फुटला. दुसरा शब्द मला सापडत नाही. तो रडला, हसला, दोन्ही हात जोडून त्याने कपाळाला लावले, आणि हवालदाराने दंड धरला तरी वळून वळून बघत गेला. मला वाटलं, बाबा म्हणजे माणूस नाही. मी त्या क्षणी भावावर इतकी संतापले होते की काच फोडून त्याच्या थोबाडीत मारली असती, आणि ह्या म्हाताऱ्याने एका दमात माफ केलं. बाहेर येताना मी त्यांच्या पाया पडावं की काय, अशा विचारात होते.

बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही बसने परत जायचो. स्टॉपवर उभे असताना समोर बस येऊन थांबली, अगदी हाताच्या अंतरावर, आणि बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, "कितीची इली गो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. बसच्या कपाळावर आकडा एवढा मोठा झळकत होता. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आली होती हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की "माका दिसता" म्हणून ते उडवून लावायचे. पण इतकं? आणि मग ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे अख्ख्या स्टॉपला ऐकू जाईल अशा, "तो शेवटी काय म्हणालो गो?"

लोक वळून बघायला लागले. जेलच्या बाहेरचा स्टॉप, कोण कुठून आलंय ते सगळ्यांना कळतं. मी बाबांच्या समोर आले, ओठ हलवून बघितले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, आणि मग कंटाळून कान पुढे केला. आता कानात ओरडण्याखेरीज मार्ग नव्हता. जगात काही वाक्यं अशी असतात की ती ओरडून सांगता येत नाहीत. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "येतो म्हणाला!"

"तसाच वाटला माका," बाबा म्हणाले आणि बसमध्ये चढले.

त्या दिवसापासून मला रात्री झोप लागेना. आमच्या एका खोलीत आई, बाबा आणि मी. बाबांना काही सांगायचं तर मजला उठला असता. लिहून द्यावं तर अक्षर दिसत नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की सांगीन, असं मी स्वतःला म्हणायचे, आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला माझे पाय वळायचे नाहीत. बाबा टीव्हीसमोर बसलेले असायचे, आवाज बंद, चित्र नुसतं हलतंय. मी त्यांच्या पाठीकडे बघत विचार करायचे, ह्यांना कळलं असतं तर ह्यांनी हात वर केला असता का? माझा बाप किती मोठ्या मनाचा होता हे मला आयुष्यात कधी मोजायची वेळ आली नव्हती. आता रोज मोजत होते आणि उत्तर येत नव्हतं.

थोड्याच दिवसांत भावाचं पत्र आलं. जेलमधून येणारी पत्रं आत कोणीतरी वाचून, शिक्का मारून मगच बाहेर सोडतात. त्यामुळे त्याच्या पत्रांत मी बरा आहे ह्यापलीकडे काही नसायचं. ह्यात होतं. "त्या दिवशी बाबांनी हात वर केला. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. आता मला झोप लागते, तायडे. तो वॉचमन आता स्वप्नात येत नाही. मी काय करायचं ते ठरवलंय." वाचणाऱ्याला त्यात आक्षेपार्ह काही वाटलं नसणार. शिक्का त्या शेवटच्या ओळीवरच पडला होता. आईने पत्र मोठ्याने वाचायला लावलं, नेहमीसारखं. मी झोपेचं तेवढं ठेवून बाकीचं गाळून वाचलं. "झोप लागते म्हणतो ना? मन साफ असलं की लागते," आई म्हणाली.

काय ठरवलंय ते मला वकिलांकडून कळलं. पुढच्या तारखेला कोर्ट आरोप वाचून दाखवणार होतं आणि प्रत्येकाला विचारणार होतं, कबूल आहे का. "नाही म्हणायचं, एवढंच काम आहे," वकील म्हणाले. "साक्षीदार नाही, कॅमेऱ्यात नाही. तिघंही सुटू शकतात. पण तुमचा भाऊ कबूल म्हणायचं म्हणतोय. समजवा त्याला." मी त्यांच्या ऑफिसातून उतरून गिरगावच्या रस्त्यावर आले आणि कुठल्या दिशेला चालायचं तेच मला कळेना.

समजवायच्या आधीच बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणून बसले आणि तसेच कलंडले. शेजारच्यांनी उचललं, हॉस्पिटलात नेलं, पण ते घरातच गेले होते. कोर्टाने भावाला पोलीस बंदोबस्तात अंत्यदर्शनाला सोडलं. चाळीखाली व्हॅन थांबली, सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं, आणि तो दोन शिपायांच्या मधून जिना चढून वर आला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून तो बराच वेळ तसाच राहिला. मग उठून आईला मिठी मारली आणि तिच्या कानाशी बोलला. मी तिथेच होते.

"आई, मी बाबांना सांगितलं होतं. मीच ढकललं त्याला. बाबांनी मला माफ केलं. आता कोर्टातपण सांगणार."

आईचे हात त्याच्या पाठीवर होते ते तिथेच राहिले. तिने त्याला दूर केलं नाही, जवळही ओढलं नाही. त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. स्मशानात त्याने विधी केले, केस काढले, आणि तिथूनच त्याला परत नेलं.

आईने मला विचारलं ते दोन दिवसांनी. भांडी घासता घासता, हळू आवाजात. आईचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या घरात आता ओरडायचं कारण उरलं नव्हतं.

"ह्यांना खरंच कळलं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. काच, हात, बसचा आकडा.

ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "मग जा आणि सांग त्याला. बाबांना काही कळलं नव्हतं म्हणावं. माफ-बिफ काही केलेलं नाही. कोर्टात गप्प उभा राहा म्हणावं आणि घरी ये."

"आई, माणूस मेलाय."

"माझाही मेलाय. आता दुसरा पण देऊ?" ती म्हणाली. "वकील सुटेल म्हणतात ना? मग तुला काय पडलंय? तू त्याची बहीण आहेस का त्या वॉचमनची?"

ती स्वतः गेली असती. तिने ते बोलूनही दाखवलं. पण तेरावं होईपर्यंत ती उंबरठा ओलांडणार नव्हती, आणि कोर्टाची तारीख तेराव्याच्या आधीची होती. मधली एकच मुलाकात मिळाली होती, ती माझ्या नावावर. निघताना तिने मला दारात थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. शाळेत पोरीला कविता पाठ करायला लावावी तसं.

मी ते घोकतच रांगेत उभी राहिले. बाबांना कळलंच नव्हतं. बाबांना कळलंच नव्हतं. खिडकीपाशी भाऊ येऊन बसला. डोकं भादरलेलं, त्यामुळे तो एकदम लहानपणीच्यासारखा दिसत होता. चेहरा शांत होता, झोप झालेल्या माणसाचा असतो तसा. मी रिसीव्हर उचलला.

"आई काय म्हणाली?" त्याने विचारलं.

मला वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं की बाहेर येणार होतं. ते वाक्य ऐकून तो घरी आला असता, आणि रात्री आमच्या खोलीत तो वॉचमन पुन्हा त्याच्या उशाशी येऊन बसला असता, आता कायमचा. मला त्या नळापाशी ओंजळीने पाणी पिणारी बाई आठवली. मला बाबाही आठवले. ते काय म्हणाले असते ते मला आजही माहीत नाही. पण भावाला माहीत होतं, आणि त्या माहितीवर तो ताठ बसला होता.

"वेळेवर जेव म्हणाली," मी म्हटलं.

तारखेला न्यायाधीशांनी त्याला विचारलं. तो कबूल म्हणाला. त्यांनी त्याला वकिलाशी बोलायला वेळ दिला, पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. वॉचमनची बायको मागच्या बाकावर होती. तिला मराठी कळत नसावं, कोणीतरी तिला हळूच सांगितलं, आणि तिने पदर तोंडाशी धरला. त्याला जन्मठेप झाली नाही. पण तो सुटून येईल तेव्हा आई असेल की नाही, हे सांगता येत नाही. त्याला मुंबईबाहेरच्या जेलमध्ये हलवलं.

आईने मला एकच सांगितलं. "तू त्याला आत ठेवलंस." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध आलं, गॅस संपला. माझं चुकलं असं मला वाटत नाही, आणि तरी रोज पहाटे मी डोळे उघडते तेव्हा आधी काचेआडचं भावाचं तेच वाक्य डोळ्यांपुढे येतं, वाढलेल्या दाढीतले ते ओठ, आणि वर केलेला एक हात, ज्याला काहीच दिसलं नव्हतं.

मुलाकातीला आता आई जाते. एकटी, एसटीने, पिशवीत इलास्टिकच्या चड्ड्या घेऊन. मला बरोबर नेत नाही. ती गेली की माझा जीव टांगणीला लागतो. शाळेत बसून मी बेरजा चुकवते. खरं काय ते तिला माहीत आहे, आणि ती माझ्यावर रागावलेली आहे, आणि काचेसमोर बसल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघू शकतं. संध्याकाळी ती जिना चढून येते तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघते. काही कळत नाही. आईचे ओठ मला कधीच वाचता आले नाहीत, ती नेहमी ओरडूनच बोलायची.

परवा मला राहवलं नाही. ती चपला काढत होती तेव्हाच मी विचारलं, "सांगितलंस त्याला?"

तिने चपला भिंतीशी नीट लावल्या. पाणी प्यायली.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "तेवढंच तर आहे त्याच्याकडे."

मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पण तू मला हे परत विचारू नकोस. विचारलंस ना, तर सांगून येईन."